ख्रिस्ती कॉलेजात जावं का? आमच्या घरातला हिशोब

(जळगावला बारावीच्या मुला-मुलींसमोर केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मी सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हणून मला 'करिअर' हा विषय दिला होता. पण मघाशी चहाच्या वेळी तुमच्यातल्या तिघींनी एकच प्रश्न विचारला. मुंबईच्या ख्रिस्ती कॉलेजात नंबर लागेल असं वाटतंय, घरचे नको म्हणतात, काय करू? कोडिंगबद्दल सांगणारे पुष्कळ भेटतील, म्हणून आज यावरच बोलतो. आमच्या घरात हा प्रश्न दोनदा आला.

पहिल्यांदा आला तेव्हा मी सातवीत होतो. आम्ही धुळ्याचे, अब्बा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. आपा बारावी सायन्सला चांगल्या मार्कांनी पास झाली. तिच्या बाईंनी हौसेनं मुंबईच्या एका ख्रिस्ती कॉलेजचा फॉर्म आणून भरून घेतला आणि नंबर लागला. पत्र आलं त्या रात्री घरात चार माणसं जमली. एक म्हणाले, तिथे वर्गात क्रूस असतो. दुसरे म्हणाले, प्रार्थनेला उभं करतात, पोरगी हातची जाईल. अब्बा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "नको." आपानं पत्राची घडी करून फिजिक्सच्या पुस्तकात ठेवली. पुढे लग्न होऊन ती इथे जळगावला आली.

अब्बा रिटायर झाल्यावर एकदा मला म्हणाले, "त्या वेळी हॉस्टेलला पैसे नव्हते रे. चार माणसांसमोर ते कसं बोलणार? त्यांनी दीनचं नाव काढलं, मी तेच धरलं."

दुसऱ्यांदा प्रश्न आला तो तीन वर्षांपूर्वी, आपाच्याच मुलीचा. आपानं मला बोलावून घेतलं आणि सांगितलं, "या वेळी नुसतं 'नको' चालणार नाही. वही घे आणि हिशोब मांड."

पहिलं पान धर्माचं होतं, आणि खरं सांगतो, ते सगळ्यात लवकर संपलं. संविधानाचं कलम २८(३) वाचा. राज्याची मान्यता असलेल्या किंवा सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय, आणि तो अज्ञान असेल तर पालकांच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणात किंवा प्रार्थनेत भाग घ्यायला लावता येत नाही. म्हणजे प्रार्थनेला उभं राहायचं की नाही, हे तुम्ही ठरवायचं.

आणि ही भीती काही आजची नाही. जोतिबा फुल्यांना वडिलांनी शाळेतून काढून मळ्यात घातलं होतं. शिकून पोरगा कामातून जाईल असं कुणीतरी त्यांच्या मनात भरवलं होतं. मग गोविंदरावांची समजूत कुणी घातली? शेजारचे फारसीचे शिक्षक गफार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब नावाचे ख्रिस्ती गृहस्थ, या दोघांनी. १८४१ मध्ये जोतिबा पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले. माळ्याच्या मुलानं मिशनच्या शाळेत जावं म्हणून एक मुसलमान त्याच्या बापाकडे रदबदली करतो! जोतिबा तिथे शिकले, ख्रिस्ती मात्र झाले नाहीत. पुढे त्यांनी काय केलं ते तुम्हाला माहीत आहे.

दुसरं पान प्रवेशाचं. इथे मी स्वतः चकलो होतो. आम्ही पिंजारी, घरात ओबीसीचा दाखला आहे. मला वाटलं, दाखला सगळीकडे चालणार. तसं नाही. २००५ च्या ९३ व्या घटनादुरुस्तीनं कलम १५(५) आलं. त्यानं शिक्षणसंस्थांमधल्या प्रवेशात आरक्षण ठेवायचा अधिकार सरकारला दिला, खाजगी संस्थांमध्येसुद्धा, पण अल्पसंख्याकांच्या संस्था त्यातून वगळल्या. ख्रिस्ती कॉलेजात बऱ्याच जागा आधी ख्रिस्ती मुलांना जातात, आणि उरलेल्यांत आपण खुल्या गटासारखे उभे असतो. मुस्लिम संस्थेलाही कलम तेच, पण तिथे अल्पसंख्याक कोट्याचं दार आपल्यासाठी असतं. यावल-रावेरकडच्या तडवी मुलांनी तर हे पान दोनदा वाचावं. एसटीचा दाखला हातात असताना तो जिथे चालतो ते कॉलेज सोडून जायचं असेल, तर कशासाठी जातोय ते पक्कं माहीत पाहिजे.

तिसरं पान पैशांचं. कॉलेजची फी आणि मुंबईचा खर्च वेगळे धरा. अनुदानित कोर्सची फी ऐकून माणूस हरखतो, विनाअनुदानित कोर्सची ऐकून गप्प बसतो. दोन्ही कोर्स एकाच इमारतीत असू शकतात, म्हणून फॉर्मवर कुठला आहे ते आधी बघा. आणि कोर्स अनुदानित असला तरी हॉस्टेल, मेस, लोकल, सणाला घरी येणं-जाणं हे सगळं आहेच. आम्ही वर्षाला सव्वा लाख धरले होते, लागले दीड लाखाच्या वर. त्यातला अर्धा भार मी उचलला, म्हणून जमलं. तो उचलणारा कुणी नसता तर मीच आपाला सांगितलं असतं, मूळजी जेठात घाल, पोरगी घरचं जेवून शिकेल.

आपल्या लोकांत कलामसाहेबांचं उदाहरण लगेच निघतं. ते ख्रिस्ती कॉलेजात शिकले, खरं आहे. तिरुचिरापल्लीच्या सेंट जोसेफ्समधून १९५४ मध्ये फिजिक्स घेऊन पदवीधर झाले. पण पुढचं कुणी सांगत नाही. पदवी हातात आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपला विषय हा नव्हता, इंजिनिअरिंगला जायला हवं होतं. मग मद्रासच्या एमआयटीत नंबर लागला, फीला पैसे नाहीत. बहीण झोहरानं स्वतःच्या सोन्याच्या बांगड्या आणि साखळी गहाण ठेवली. मी हे वाचून दाखवलं तेव्हा आपा हसली आणि स्वतःच्या हाताकडे बघून म्हणाली, "माझ्याकडे दोनच आहेत, त्यापण बारीक."

म्हणून चौथं पान विषयाचं ठेवलं. नाव बाजूला ठेवा. जो विषय हवा तो जळगाव-धुळ्यात चांगल्या लॅबसकट मिळतो का? मिळत असेल तर नुसत्या कॉलेजच्या नावासाठी दीड लाख घालू नका. मी स्वतः खानदेशातच इंजिनिअरिंग केलं. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत कॉलेज विचारलं, त्यानंतर कुणीही नाही. पण पहिली पाच वर्षं मीटिंगमध्ये माझं तोंड उघडत नव्हतं, हेही खरं. उत्तर येत असायचं, आणि इंग्रजीत वाक्य जुळवेपर्यंत दुसरा कुणीतरी बोलून जायचा. भाचीला हवा होता तो विषय इकडे जवळपास नव्हता, आणि ती माझ्याइतकीच बुजरी. या दोन गोष्टींवर आम्ही 'हो' म्हटलं.

आता झालं काय ते सांगतो. क्रूसाची सवय तिला आठवड्यात झाली. कॅन्टीनच्या दरांची अजून नाही. दहावीपर्यंत मराठी माध्यम, त्यामुळे पहिल्या सहामाहीत लेक्चर डोक्यावरून जायची. दुसऱ्या महिन्यात रात्री अकराला फोन, "मामू, मला घेऊन जा." मी 'ये' म्हणणारच होतो. आपा म्हणाली, थांब. अमरावती एक्स्प्रेसनं गेली, कुर्ल्याला नातेवाइकांकडे आठ दिवस राहिली, रोज संध्याकाळी हॉस्टेलच्या दारात जाऊन बसायची. समजावलं वगैरे काही नाही. फक्त मेथीचे पराठे न्यायची.

तिची रूममेट वसईची, कॅथलिक. घरी मराठी, चर्चमध्ये मराठी. फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्यांच्याच भागातले. २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, हे भाचीला त्या मुलीनंच सांगितलं. दोघींना कॉलेजात एकच प्रश्न ऐकावा लागायचा, "अरे, तुला मराठी येतं?" त्यावर दोघी एवढ्या हसायच्या की मैत्री तिथूनच झाली. रात्री दोघी मिळून प्रत्येक लेक्चरची उजळणी मराठीत करायच्या. रमजानमध्ये पहाटेचा अलार्म भाचीचा वाजायचा आणि उठायची ती वसईवाली, "ऊठ, तुझी सहरी जाईल" म्हणत. मागच्या महिन्यात भाचीनं वर्गात पंधरा मिनिटांचं प्रेझेंटेशन दिलं. रेकॉर्डिंग आलं तेव्हा आपानं ते तीनदा ऐकलं. इंग्रजी तिला फारसं कळत नाही.

माझ्या मते भाचीच्या बाबतीत दीड लाख वसूल झाले. माझ्या बाबतीत झाले नसते, कारण मला हवं होतं ते इकडेच मिळत होतं.

मघाच्या तिघींना आता एवढंच सांगतो. घरात चार माणसं जमायच्या आधी अब्बांना एकटं गाठा आणि पैशांचं विचारा. माणसं जमल्यावर ते खरं बोलू शकणार नाहीत. फॉर्म बरोबर आणले असतील तर जेवणानंतर घेऊन या, मी चारपर्यंत इथेच आहे. नॉन-क्रिमीलेअरचा दाखला ज्यांचा अडलाय त्यांनी आधी या, त्याला वेळ लागतो.