गणित करणारे आणि तोडून बघणारे



२०१५ साली घुमानला साहित्य संमेलन भरलं, तेव्हा आपण संत नामदेवांच्या पुण्याईवर पंजाबात आलो होतो. आज चंडीगडला आलोय ते नॅनोमेकॅनिक्सच्या भरवशावर. गर्दी थोडी कमी आहे, ते मी समजून घेतो.

इथलं पंजाब इंजिनिअरिंग कॉलेज मूळचं लाहोरच्या मुघलपुऱ्यातलं, १९२१ सालचं. फाळणीनंतर ते रुरकीला गेलं आणि १९५३मध्ये इथे आलं. कल्पना चावला १९८२ साली इथूनच विमान अभियांत्रिकीची पदवी घेऊन बाहेर पडल्या. हे कॉलेज सुरू झालं त्याच १९२१ साली इंग्लंडात ग्रिफिथ या अभियंत्याचा काचेच्या तंतूंवरचा निबंध छापून आला. तंतू जितका बारीक तितका मजबूत, कारण मोठी भेग त्यात मावतच नाही. आपल्या विषयाचं बीज तिथे आहे. ग्रिफिथ गणितात पक्का होता, पण तंतू ओढून, ताणून, तोडायलाही तो स्वतःच बसला.

आज गणित करणारा आणि तोडून बघणारा एकमेकांना ओळखतही नाहीत, ही माझी मुख्य तक्रार आहे.

नॅनोइंडेंटेशनचंच घ्या. हिऱ्याचं तीन पैलूंचं टोक धातूत हळूहळू रुततं, समजा सेकंदाला दहा नॅनोमीटर. भार आणि खोलीचा आलेख गुळगुळीत चढत असतो आणि मध्येच टोक एकदम खाली उडी घेतं. स्फटिकाच्या आत पहिलं डिसलोकेशन, म्हणजे अणूंच्या रांगांमधला दोष, जन्माला आल्याची ती खूण. आता हेच संगणकावर करा. अणूंच्या हालचालीची एक पायरी साधारण एका फेम्टोसेकंदाची, म्हणजे एका नॅनोसेकंदासाठी दहा लाख पायऱ्या. एवढ्या वेळात काही घडायला हवं, तर टोक सेकंदाला दहा मीटर वेगाने हाणावं लागतं. प्रयोगाच्या अब्जपट! तरी शोधनिबंधात दोन्ही आलेख शेजारी छापतात आणि खाली लिहितात, ‘चांगला मेळ’. कसला मेळ? तापमान आणि वेग यांचा हिशेब मांडून दोन्ही टोकं जोडणं हे खरं काम, आणि ते करणारी माणसं कमी आहेत.

नोकरीतही तेच. पुण्याच्या हिंजवडीपासून चाकणपर्यंत आपली मुलंमुली संगणकावर एखाद्या ब्रॅकेटची मेश बनवतात, रात्री सॉल्व्हर लावतात, सकाळी लाल-निळं चित्र बघतात. तो ब्रॅकेट मशीनवर तुटताना त्यांतल्या किती जणांनी पाहिलाय? दोष त्यांचा नाही. सॉफ्टवेअरचं लायसन्स एका खात्याकडे, टेस्ट बेंच दुसऱ्याकडे. संशोधनाला जाणाऱ्याला २०२३पासून जेआरएफ या शिष्यवृत्तीचे महिना ३७,००० रुपये मिळतात. घरून लग्नाचा तगादा सुरू असताना त्याने पाच वर्षं अणूंच्या गठ्ठ्यात काढायची, तर फसलेलं सिम्युलेशन बिनदिक्कत दाखवता येईल अशी चार माणसं तरी त्याच्याभोवती हवीत.

चंडीगडला हे जमण्यासारखं आहे. सेक्टर ३०मध्ये उपकरणं घडवणारी सीएसआयओ आहे आणि गोळी-स्फोटाचे आघात मोजणारी टीबीआरएलही. मोहालीत सेमीकंडक्टर लॅबोरेटरी १८० नॅनोमीटरच्या चिप बनवते. तिथेच नॅनोविज्ञानाची आयएनएसटी आहे, आणि नॅबी या जैवतंत्रज्ञान संस्थेत पुण्याच्या सी-डॅकच्या परम घराण्यातला ‘परम स्मृती’ महासंगणक बसवलाय. सगळं रिक्षाच्या अंतरात. टीबीआरएलसारख्या संरक्षण संस्थेच्या दारातून सहज आत जाता येत नाही हे मान्य, पण बाकीची दारं तरी ठोठावा.

पीएचडीच्या मार्गदर्शकांना माझी विनंती आहे. सिम्युलेशन करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला एक सत्र प्रयोगशाळेत पाठवा, नमुना त्याला स्वतःच्या हाताने घासू द्या, तोडू द्या. प्रयोगवाल्यांनीही नुसता सरासरीचा आकडा देऊ नये. सगळ्या उड्यांसकट अख्खा आलेख, टोकाचा वेग आणि प्रयोगाचं तापमान नोंदवून, मागेल त्याला द्यावा.