पदकांची पारख

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



युद्धावर गेलेल्या आपल्या पूर्वजांच्या नावांची शिला मंडळाच्या सभागृहात बसवावी, असा ठराव गेल्या सर्वसाधारण सभेत संमत झाला आणि आलेल्या माहितीची छाननी आम्हांकडे सोपविण्यात आली. त्या कामाचा वृत्तान्त सादर करण्याची आज्ञा झाली आहे. काम नाजूक होते. ज्या घरी आजोबांचे पदक देव्हाऱ्याशेजारी ठेवलेले असते, तेथे जाऊन ‘यास पुरावा काय?’ असे विचारणे कोणासही रुचत नाही. परंतु एकदा कोरलेले अक्षर पुसता येत नाही, हे ध्यानी धरून आम्ही तो अप्रियपणा पत्करला.

आलेल्या पत्रांत ‘व्हिक्टोरिया क्रॉस’चा उल्लेख वारंवार आढळला. हा मान 1911 पर्यंत हिंदी शिपायांना मिळूच शकत नसे; तोवर 1837 पासून चालत आलेले ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ हेच त्यांचे सर्वोच्च शौर्यपदक होते. पहिले हिंदी मानकरी खुदादाद खान यांचा पराक्रम बेल्जममधील होलेबेक येथे 31 ऑक्टोबर 1914 रोजी घडला. तेव्हा 1880 च्या अफगाण युद्धात पणजोबांनी हा क्रॉस मिळविला, ही कथा तारखेपाशीच अडते. दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे यशवंत घाडगे (1944) आणि नामदेव जाधव (1945) यांनी तो मिळविला, दोघांनीही इटलीच्या भूमीवर. या मानकऱ्यांची नावे सरकारी गॅझेटात छापलेली आहेत. आपल्या प्रजासत्ताकाचे परमवीर चक्र 26 जानेवारी 1950 रोजी स्थापन झाले व 15 ऑगस्ट 1947 पासून लागू धरले गेले. त्याचे मानकरी आजवर अवघे 21. एवढ्या यादीत नाव आहे की नाही, हे पाहावयास संशोधक लागत नाही.

मग घरात जपलेले ते पदक कोणते? बहुतेक ठिकाणी ते पहिल्या महायुद्धाचे सेवापदक निघाले. ते रुप्याचे असून एका बाजूस पंचम जॉर्ज बादशहाची मुद्रा व दुसऱ्या बाजूस घोड्यावर आरूढ झालेला नग्न पुरुष आहे. समुद्रापार सेवेवर गेलेल्या साध्या शिपायासही ते मिळे. मुद्रा पाहून घरचे म्हणाले, ‘राजाने दिले’. पुढल्या पिढीत ते ‘राजाने स्वहस्ते दिले’ झाले, आणि तिसऱ्या पिढीत त्याचा व्हिक्टोरिया क्रॉस झाला. यास आम्ही लबाडी म्हणत नाही. लबाडी निराळी, आणि तिचीही दोन उदाहरणे आम्हांस भेटली. या पदकांच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. एका पदकावरील नाव भलत्याच पलटणीतील भलत्याच माणसाचे होते. जुन्या बाजारातून आणलेली वस्तू ती! दुसऱ्याची कड कानशीने घासून गुळगुळीत केलेली होती. दोन्ही प्रकरणे आम्ही वाद न घालता बाजूस ठेवली.

हेच सेवापदक काशाचेही काढले गेले होते, हे थोड्यांस ठाऊक असते. मजूर पलटणींतील लोकांना ते मिळे. एका घरी असे पदक ट्रंकेच्या तळाशी गंजक्या किल्ल्यांत पडले होते. शेजाऱ्याचे रुप्याचे आणि आपले असे काळवंडलेले, म्हणून आपले खोटेच असणार, या समजुतीने त्या कुटुंबाने आम्हांकडे अर्जदेखील केला नव्हता. आम्ही भिंग लावले. कडेवर क्रमांक होता, आजोबांचे नाव होते, मजूर पलटण होती. शिलेसाठी आम्ही निश्चित केलेले पहिले नाव तेच होय.

ज्यांच्यापाशी पदकही नाही आणि कागदही नाही, त्यांचा प्रश्न अधिक बिकट. सहाव्या पुणे डिव्हिजनमधील 103, 110 आणि 117 क्रमांकांच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात सापडल्या. 29 एप्रिल 1916 रोजी तेथील सैन्याने शरणागती पत्करली आणि पुढे कितीतरी शिपाई कैदेत मेले. त्या मोहिमेतील 40,000 हून अधिक मृतांचे स्मारक बसरा येथे उभारले गेले. हिंदी पलटणींच्या अधिकाऱ्यांची नावे त्यावर कोरली गेली; शिपायांची मात्र पलटणवार नुसती संख्या! मृतांच्या स्मरणात असा भेदभाव झाल्याची कबुली राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या अहवालाने 2021 साली दिली. तेव्हा दगडावर नाव नाही म्हणून माणूस गेलाच नाही, असे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणावे? त्यातच एकच नाव गोऱ्या कारकुनांनी तीन तऱ्हांनी लिहिलेले असते. अशा प्रकरणी आम्ही पेन्शनचे कागद, सेवामुक्तीचा दाखला, मनिऑर्डरीची पावती, जे मिळेल ते पाहिले.

संशयाचा लाभ देऊन सर्वच नावे कोरावीत, असे कार्यकारिणीतील कित्येकांचे मत पडले. आम्हांस ते मान्य झाले नाही. ज्या आजोबांचे पदक किल्ल्यांत पडले होते, त्यांच्या शेजारी कानस लावलेल्या पदकाचा धनी कसा बसवावा? पुरावा मिळाला ती नावे शिलेवर जातील. पुरावा अपुरा आहे ती घरच्यांनी सांगितलेल्या हकिकतीसह मंडळाच्या वहीत नोंदली जातील, आणि पुढे एखादा कागद सापडल्यास शिलेवर जागा राखलेली आहे.

पाथरवट दिवाळीनंतर कामास लागणार आहे. तोवर ज्यांच्या घरी काही असेल त्यांनी ते दाखवावयास आणावे. मात्र एक विनंती: पदक चिंच-राखेने घासून लख्ख करून आणू नये, त्याने कडेवरची अक्षरे झिजतात. ट्रंकेत जसे असेल तसेच आणावे.