काळ्या कापडातली बाटली



शेवाळ म्हटलं की लोकांना घसरलेला पाय आठवतो. माझं मात्र उभ्या जन्माचं पोट शेवाळावर भरलं. मी वनस्पतिशास्त्र शिकवत असे. हिरवंगार तळं भर उन्हात किती प्राणवायू तयार करतं, हे मोजायचं कसं, असं मुलं विचारायची. त्यासाठी नॉर्वेच्या गार्डर आणि ग्रान या शास्त्रज्ञांनी १९२७ मध्ये छापलेली युक्ती आजही प्रयोगशाळेत चालते.

तळ्याचं पाणी तीन बाटल्यांत भरायचं. पहिलीतला प्राणवायू लगेच मोजायचा. उरलेल्या दोन्ही तळ्यातच, एकाच खोलीवर, दोरीने लोंबत ठेवायच्या. एक नुसती, एक काळ्या कापडात गुंडाळलेली. बाटली भरताना बुडबुडा राहता कामा नये. माझ्या पहिल्याच खेपेला बुचाखाली मोहरीएवढा बुडबुडा राहिला आणि सकाळभराची मेहनत पाण्यात गेली, अक्षरशः!

विरघळलेला प्राणवायू डोळ्यांना दिसत नाही. त्याला रंग दिला बुडापेस्टच्या रसायनशास्त्रज्ञ विंकलर यांनी, १८८८ मध्ये. मँगनीज सल्फेट आणि अल्कलीतलं आयोडाइड घातलं की तळाशी तपकिरी साका बसतो. आम्ल घातलं की तो विरघळतो आणि आयोडीनचा पिवळा रंग येतो. मग ब्युरेटमधून, म्हणजे तोटीच्या मोजनळीतून, थायो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, सोडायचा. पिवळा फिका झाला की स्टार्च. पाणी गर्द निळं. पुन्हा थायो, आता थेंबाथेंबाने, निळा उडेपर्यंत. जितका थायो जास्त लागला, तितका प्राणवायू जास्त.

आता हिशेब. समजा, सुरुवातीला लिटरमागे ७ मिलिग्रॅम होता. दुपारी नुसत्या बाटलीत १० भरला, काळीत ६. म्हणजे शेवाळाने ३ कमावले? नाही. तो हातात पडलेला पगार. शेवाळ श्वासही घेतं, आणि पाण्यातले जिवाणूही घेतात. ती कपात काळी बाटली सांगते, १ मिलिग्रॅम. मूळ कमाई ४. काळी बाटली नसती तर ही कपात कळलीच नसती, म्हणून मला तीच जास्त आवडते.

शेवाळाने गच्च भरलेल्या तळ्यात कधीकधी पहाटे मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करताना दिसतात. कारण रात्रभर अख्खं तळंच काळ्या कापडात असतं. खात्री करायची असेल तर बाटली घेऊन सूर्य उगवायच्या आत जा. नंतर आकडा चढू लागतो.