पाळी चुकायच्या आधी



या परिषदेच्या आजच्या विषयाला मुंबईहून योग्य गाव नाही, असं यजमान म्हणून मी म्हणणारच. पण त्याला आधारही आहे. १९२८ साली ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर इथे आली आणि गिरणीकामगार बायकांना गरोदरपणात होणाऱ्या रक्तक्षयाचा शोध घेऊ लागली. यीस्टच्या अर्कानं त्या बायका सुधारल्या. अर्कातला तो घटक पुढे, १९४१ मध्ये पालकातून वेगळा काढला गेला तेव्हा, फॉलिक अ‍ॅसिड म्हणून ओळखला जाऊ लागला.

कण्याचं वा मेंदूचं व्यंग असलेलं मूल आधी झालेल्या स्त्रियांना हेच जीवनसत्त्व गर्भधारणेआधीपासून दिलं, तर ते व्यंग पुन्हा उद्भवण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटतं, हे १९९१ च्या ब्रिटिश चाचणीनं दाखवलं. १९९८ मध्ये अमेरिका आणि कॅनडानं हे जीवनसत्त्व पिठात मिसळणं सक्तीचं केलं. अमेरिकेत अशा व्यंगांचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशानं उतरलं, कॅनडात जवळजवळ निम्म्यानं.

आपल्याकडे? २०१३ च्या एका आढाव्यात देशातलं प्रमाण हजार जन्मांमागे सुमारे चार निघालं. तेव्हापासून ते वाढलं की घटलं? प्रसूतिगृहाचं रजिस्टर पाहाल तर फसाल. पूर्वी अशी बाळं मृत जन्मली तरी रजिस्टरात दिसायची. आता सोनोग्राफीत व्यंग दिसतं, गर्भपात होतो आणि ती केस जन्माच्या हिशेबातून निसटते. आकडा उतरतो, आजार तिथेच असतो. जिवंत जन्म, मृतजन्म आणि गर्भपात एकाच तक्त्यात आल्याशिवाय या विषयात कल हा शब्द वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी अडचण वेळेची. गर्भाची मज्जानलिका, ज्यातून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू घडतात ती, गर्भधारणेपासून अठ्ठावीस दिवसांत मिटते, म्हणजे पाळी चुकल्याचं नीट लक्षात येईपर्यंत. आपली फॉलिक अ‍ॅसिडची गोळी हातात पडते गरोदर म्हणून नाव नोंदवल्यावर. आणि बाळात व्यंग निघालं की घरचे ओपीडीत अजून विचारतात, ‘हिनं ग्रहणात काही चिरलं होतं का?’ त्या बाईच्या चेहऱ्याकडे तेव्हा बघवत नाही.

असो. दुपारच्या सत्रात प्रत्येक जिल्ह्यानं आपापले तिन्ही आकडे मांडायचे आहेत. नावं नकोत, आकडे पुरेत. ज्यांचे राहिले असतील त्यांनी जेवणाआधी फोन करून मागवून घ्यावेत. जेवणात पालकाची भाजी आहे; ती कल्पना भोजन समितीची, माझी नव्हे.