सिदूरातील अक्षरे आणि लाइपझिगचे हजान
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मी आरोग्यावर बोलावे अशी कमिटीची इच्छा होती. पण मी अक्षरांवर बोलणार आहे, आणि त्याला कारण माझे डोळेच. रात्रपाळीत औषधाचे लेबल मी दोनदा वाचत असे. आता सिदूरही तसाच वाचावा लागतो.

'शेमा'तील 'एहाद'चे शेवटचे अक्षर दालेत. त्याचा वरचा उजवा कोपरा गोल झाला की रेश होतो, आणि 'एक'च्या जागी 'दुसरा' असा अर्थ निघतो! म्हणून सेफेर तोरामध्ये तो दालेत मोठा लिहितात. तिथे काळजी घ्यायला सोफेर असतो. छापील सिदूरात ती कोणी घ्यायची?

आपल्या वाडवडिलांची १८४६ ची मराठी हगादा मुंबईत शिळाछापावर निघाली. त्यात खिळ्यांचा प्रश्नच नव्हता. युरोपात खिळ्यांची विद्या जर्मनीतली, पंधराव्या शतकात माइन्झच्या गुटेनबर्गची. जुनी रीत अशी: पोलादी कांडीच्या टोकावर कारागीर अक्षर उलटे, आरशात दिसावे तसे, कोरी. मेणबत्तीच्या ज्योतीवर काजळी धरून ते कागदावर उमटवून पाही. जास्त कापले गेले तर पोलाद परत लावता येत नसे. मनासारखे झाले की ते कडक करून तांब्यावर ठोकायचे. त्या खोलगट ठशात शिसे, कथील व अँटिमनीचा रस ओतला की खिळा तयार.

एकोणिसाव्या शतकातील पुष्कळ हिब्रू खिळ्यांत आडव्या रेघा जाड आणि उभ्या केसासारख्या बारीक असत. छापताना बारीक रेघ पुसट झाली की वाचणाऱ्याची पंचाईत. लाइपझिगचे हजान रफाएल फ्रांक यांनी १९०८ च्या सुमारास तिथल्याच रूल फाउंड्रीसाठी नवी अक्षरे काढायला घेतली. त्यांनी जाड-बारीक यांतला फरक कमी केला आणि सारखी दिसणारी अक्षरे वेगळी ठेवली. मला वाटते, रोज मोठ्याने वाचणाऱ्यालाच हे सुचावे. त्या अक्षरांना 'फ्रांक-रूल' म्हणतात.

फ्रांक १९२० साली वारले. लाइपझिगचे मोठे सिनेगॉग नाझींनी नोव्हेंबर १९३८ मध्ये जाळले. अक्षरे मात्र इस्राएलमधील पुस्तकांत व वर्तमानपत्रांत पोहोचली. आज संगणकावरही त्यांची नवी रूपे आहेत.

घरी गेल्यावर 'एहाद'वर बोट ठेवून दालेतचा कोपरा पाहा. माझ्या सिदूरात तो भिंगाशिवाय दिसतो.