पुतळ्यांच्या माळेतील इतिहास



सोन्याची दुर्मिळ नाणी जमविणे हा श्रीमंतांचा छंद, पाटोद्यासारख्या गावाला त्याचे काय, असे कुणाच्या मनात येईल. परंतु मराठी घरांतील बायकांनी हा संग्रह पिढ्यान्‌पिढ्या गळ्यात वागविला आहे. पुतळ्यांची माळ ती हीच.

पुतळी म्हणजे मुळात इटलीतील व्हेनिसचे डुकाट. 1284 साली ते प्रथम पाडले गेले. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम, सोने जवळजवळ शुद्ध. एका बाजूस व्हेनिसचा प्रमुख, म्हणजे डोज, संत मार्कपुढे गुडघे टेकून बसलेला. दुसऱ्या बाजूस येशू ख्रिस्त. या आकृत्यांवरून आपल्याकडे पुतळी हे नाव रूढ झाले. मसाल्यांच्या व कापडाच्या मोबदल्यात हे सोने हिंदुस्थानात येई. पाचशे वर्षांत नाण्याची घडण फारशी बदलली नाही, बदलले ते डोजचे नाव. ते वाचले की काळ कळतो. शेवटचे नाव लुदोव्हिको मानिन याचे. 1797 साली नेपोलियनने व्हेनिसचे प्रजासत्ताक बुडविले.

पुढे त्याच नेपोलियनने स्वतःचे सोन्याचे नाणे काढले. 1803 पासूनचे ते वीस फ्रँकचे नाणे 6.45 ग्रॅमचे, हजारात नऊशे भाग सोन्याचे. गंमत अशी, की 1804 साली तो सम्राट झाला, तरी 1808 पर्यंत नाण्याच्या एका बाजूस ‘सम्राट’ आणि दुसऱ्या बाजूस ‘प्रजासत्ताक’ अशी अक्षरे राहिली. ‘साम्राज्य’ हा शब्द आला 1809 मध्ये. संग्राहक त्यावरील साल आणि टांकसाळीचे अक्षर पाहतात. सोने तेवढेच, पण ज्या टांकसाळीने त्या साली थोडी नाणी पाडली, तिच्या नाण्याला किंमत अधिक.

आपण मात्र पुतळी नुसती काट्यावर घालतो. आपला तालुका मांजरेच्या उगमाचा, तरी दुष्काळाचा. अडल्या वेळी दागिना मोडावा लागतो, त्यात कमीपणा नाही. पण मोडण्यापूर्वी भिंगातून एकदा अक्षरे पाहा. पुष्कळ पुतळ्या आपल्याच सोनारांनी घडविलेल्या असतात; त्यांवर अक्षरांच्या जागी नुसत्या रेघा दिसतील. त्याही टाकाऊ नव्हेत, आपल्या कारागिरीचा तो दाखलाच आहे. अक्षरे सुवाच्य असतील, तर जाणकाराला दाखविल्यावाचून ती आटवू नका.

नाणे घासून लखलखीत करू नका. पातळ कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घ्या. वजन लिहा, आणि ती माळ कोणत्या आजीने कोणत्या सुनेला दिली, तेही लिहा. कडी लावलेल्या नाण्याला संग्राहक कमी किंमत देतो. परंतु व्हेनिसचे नाणे मराठी दागिना कसे झाले, हे ती कडीच सांगते. आज घरी गेल्यावर वडीलधाऱ्या बाईला एवढे विचारा, की तुमच्या माळेतल्या पुतळ्या आल्या कुठून? ती सांगेल ते लिहून ठेवा. मुशीत गेलेले सोने पुन्हा घेता येते, ही माहिती मात्र पुन्हा मिळत नाही.