बांटुलनं अडवलेला रणगाडा

मी मुरुमचा, पोटापाण्यासाठी कोड लिहितो, आणि आज बोलणार आहे एका चित्रकाराबद्दल.

२०२५ चा मे महिना. भारत-पाकिस्तान तणाव पेटलेला, मी गावी. तिसरीतला भाचा मोबाईल घेऊन आला. व्हिडिओत विमान पेटून खाली येतंय. "मामा, हे आपल्याकडं पण येणार का?" मी शोधलं, तर तो व्हिडिओ चक्क गेममधला! पण पोराची भीती खरी होती ना. काय सांगावं सुचेना.

तेव्हा आठवले नारायण देबनाथ. बंगालमध्ये घराघरात ठाऊक, आपल्याकडं मात्र नाव विचारलं तर दहातले दहा जण मान हलवतील. जन्म १९२५, हावड्याजवळच्या शिबपूरचा. घरचा धंदा दागिन्यांचा, त्यामुळं नक्षीकामाची ओढ लहानपणापासून. पुढं 'शुकतारा' या मुलांच्या मासिकात १९६२ पासून 'हांदा भोंदा', आणि १९६५ मध्ये 'बांटुल दि ग्रेट'. गुलाबी बनियन, काळी चड्डी, पिंपासारखी छाती, काडीसारखे पाय, आणि अनवाणी! गोष्ट, चित्रं, संवाद, सगळं एकटा माणूस करायचा.

मग आलं १९७१. बांगलादेशचं युद्ध. जवळपास एक कोटी निर्वासित भारतात आले, त्यातले बहुतेक पश्चिम बंगाल आणि आसपासच्या राज्यांत. तिथल्या पोरांसाठी युद्ध म्हणजे रेडिओवरची बातमी नव्हती, ते दारात आलं होतं. संपादक-प्रकाशक म्हणाले, बांटुलला अजिंक्य करा. देबनाथ आधी कचरले, यातून कायद्याची काही भानगड तर होणार नाही ना? भरवसा मिळाल्यावर मात्र बांटुल रणगाडे, विमानं, क्षेपणास्त्रं यांना भिडू लागला. गोळ्या त्याच्या छातीवर आपटून परत जायच्या.

आता तुम्ही म्हणाल, हा पण प्रचारच की! हो, थोडा होताच. मलाही ते खटकतं. खऱ्या गोळ्या परत जात नाहीत.

तरी भाच्याला मी बांटुलची चित्रं दाखवली. तो खदखदून हसला. म्हणाला, "हे खोटंय ना मामा?" म्हटलं, "हो, खोटंच." आणि तिथंच माझी ट्यूब पेटली. काडीच्या पायांचा माणूस रणगाडा अडवतो, हे खोटं आहे हे तिसरीतलं पोरगं बघताक्षणी ओळखतं. चित्र काही लपवत नाही. फॉरवर्ड झालेला व्हिडिओ मात्र खरं असल्याचा आव आणतो, आणि आपण मोठी माणसं तो पुढं ढकलतो. त्या दिवशी आमच्या फॅमिली ग्रुपवर तो कुणी टाकला होता माहितीय? मीच. न तपासता.

देबनाथांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. जानेवारी २०२२ मध्ये, वयाच्या ९६ व्या वर्षी ते गेले. पन्नासहून जास्त वर्षं त्यांनी मुलांसाठी चित्रं काढली.

आपण निदान फॉरवर्ड करायच्या आधी दोन मिनिटं थांबू. घरात एखादं तिसरीतलं पोरगं बघत असतं.

चला, भेटू पुढच्या भागात!